छेदात दडलेला मतदारसंघ

उत्तर फ्रान्समधल्या पा-द-काले जिल्ह्याचा अकरावा मतदारसंघ. 17 जून 2012 च्या रात्री इथे संसदेच्या निवडणुकीत टोकाच्या उजव्या पक्षाच्या नेत्या मारिन ल पेन 49.89 टक्के मतं मिळवून हरल्या. फरक होता 118 मतांचा. दहा वर्षांनी, 12 जून 2022 ला, त्याच मतदारसंघात त्यांना 53.96 टक्के मतं पडली आणि तरीही त्या रात्री त्या निवडून आल्या नाहीत. आठवडाभर थांबून पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, त्यामुळे निम्म्याहून अधिक मतं मिळवलेला उमेदवार निवडून येत नाही हे वाचताना छापण्यात चूक झाल्यासारखं वाटतं. चूक काही नाही. या मतदारसंघाच्या इतिहासात विजेत्यांची नावं हा सोपा भाग आहे. खरी हकिगत टक्केवारीच्या छेदात आहे: टक्के कशाचे, हा प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारावा लागतो.

फ्रेंच निकालपत्रकात रकाने ठरलेल्या क्रमाने येतात. आधी यादीत नाव असलेले मतदार, मग मतदानाला न आलेले, मग आलेले. आलेल्यांतून कोरी मतं आणि बाद मतं वजा केली की उरतात ती वैध मतं. फ्रेंच लोक त्यांना ‘एक्स्प्रिमे’ म्हणतात, म्हणजे ‘व्यक्त झालेली’. कोऱ्या मतांचा वेगळा रकाना 2014 च्या कायद्याने आला, त्याआधी कोरी आणि बाद एकाच ढिगात मोजली जात. वर्तमानपत्रं उमेदवारांसमोर जी टक्केवारी छापतात ती वैध मतांवर काढलेली असते. कायदा मात्र दोन ठिकाणी वैध मतं सोडून थेट मतदारयादीकडे बघतो, आणि अनुभवी वाचकही तिथेच घसरतो.

पहिलं ठिकाण म्हणजे पहिल्याच फेरीतला विजय. त्यासाठी दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात: वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मतं, आणि ती मतं यादीतल्या एकूण मतदारांच्या किमान एक चतुर्थांश. दुसरं ठिकाण म्हणजे दुसऱ्या फेरीचा प्रवेश. तिथे यादीतल्या मतदारांच्या साडेबारा टक्के मतं लागतात. एकच उमेदवार ही रेषा ओलांडू शकला तर त्याच्या खालोखाल मतं मिळवणाऱ्यालाही घेतात, आणि कोणीच ओलांडली नाही तर पहिल्या दोघांना. दुसऱ्या फेरीत मात्र कसलीच अट नाही, ज्याला जास्त मतं तो खासदार. समसमान मतं पडली तर वयाने मोठा उमेदवार निवडून येतो.

साडेबारा हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण हिशेब मांडून पाहा. यादीतल्या दर 100 मतदारांमागे 50 वैध मतं पडली, तर साडेबारा गाठायला वैध मतांचे 25 टक्के लागतात. 65 पडली तर 19 टक्क्यांच्या आसपास भागतं. म्हणजे लोक घरी बसले की तिसऱ्या उमेदवाराचं दार आपोआप बंद होतं. 2017 मध्ये देशभरातल्या 577 जागांपैकी एकाच जागेवर दुसरी फेरी तिरंगी झाली. 2024 मध्ये मतदान भरभरून झालं आणि तिरंगी लढतीला पात्र जागांची संख्या 300 च्या पुढे गेली. मधल्या काळात तिसऱ्या पक्षांची ताकद इतकी वाढली होती असं मुळीच नाही. छेद बदलला होता. ही साडेबाराची रेषाही मुळातली नाही: 1958 मध्ये वैध मतांच्या 5 टक्के पुरत, 1966 मध्ये यादीच्या 10 टक्के झाले, 1976 मध्ये साडेबारा.

आता जागेकडे. एनँ-बोमों (फ्रेंचमध्ये सुरुवातीच्या ‘ह’चा उच्चार होत नाही), कारव्हँ, कूरिएर, लफोरे, मोंतिन्यी-आँ-गोएल, न्वायेल-गोदो, ओन्यी, लिबेरकूर: लाँस शहराच्या पूर्वेला एकमेकांना खेटून असलेली ही गावं. सगळा कोळशाचा पट्टा. खाण कंपन्यांनी बांधलेल्या लाल विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा, त्यांना ‘कोरों’ म्हणतात, आणि मागे खाणीतून काढलेल्या दगडमातीचे काळे ढीग, ‘तेरी’. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडहून हजारो कुटुंबं इथल्या खाणींवर आली, त्यांची आडनावं आजही मतदारयाद्यांत दिसतात. ओन्यीची खाण डिसेंबर 1990 मध्ये बंद झाली आणि या सबंध कोळसापट्ट्यातलं उत्खनन तिच्याबरोबर संपलं. 2012 मध्ये, म्हणजे 118 मतांच्या निकालाच्याच वर्षी, हा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

मे 1941 च्या अखेरीला, जर्मन ताब्यात असताना, मोंतिन्यी-आँ-गोएलच्या दाओमे नावाच्या खाणीत संप सुरू झाला आणि पसरत पसरत सुमारे 1 लाख खाणकामगारांपर्यंत गेला. फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचे दीर्घकाळचे नेते मोरिस तोरेझ 1900 मध्ये न्वायेल-गोदोला जन्मले. त्याच न्वायेल-गोदोत शिसं आणि जस्त वितळवणारा मेतालयुरोप नोर हा मोठा कारखाना होता. जानेवारी 2003 मध्ये मूळ कंपनीने त्याचा पैसा थांबवला आणि आठशेहून अधिक कामगार रस्त्यावर आले. शिशाची धूळ आसपासच्या परसबागांच्या मातीत राहिली ती राहिलीच. या मतदारसंघाबद्दल बोलायला एकच गाव निवडायचं झालं तर मी न्वायेल-गोदो निवडेन: कम्युनिस्ट पुढाऱ्याचं जन्मगाव आणि बंद पडलेली भट्टी, दोन्ही एका गावाच्या हद्दीत.

कामगार संघटना, नगरपालिका आणि समाजवादी पक्ष हे तिन्ही इथे एकमेकांत इतके गुंतलेले होते की कोणता धागा कुठे संपतो ते सांगणं अवघड जाई. पतपेढी, क्रीडामंडळ, घर मिळणं, पालिकेतली नोकरी हे सगळं त्याच माणसांच्या हातून. पुढे जे झालं ते समजायला हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण अशा ठिकाणी नगरपालिका बदनाम झाली की पक्षाचं तेवढ्यावर भागत नाही. लोकांच्या रोजच्या जगण्याची एक बाजूच ढासळते.

इतिहास लिहिताना पहिली गफलत क्रमांकांची होते. मारिन ल पेन या पट्ट्यात पहिल्यांदा उभ्या राहिल्या 2002 मध्ये, पण लाँसच्या, म्हणजे तेव्हाच्या तेराव्या मतदारसंघात. दुसऱ्या फेरीत 32.30 टक्के मतं, समाजवादी जाँ-क्लोद ब्वा विजयी. 2007 मध्ये त्या चौदाव्यात आल्या, एनँ-बोमों त्यात होतं. दुसऱ्या फेरीत 41.65 टक्के, समाजवादी आल्बेर फाकों विजयी. त्या वर्षी सबंध देशात त्यांच्या पक्षाच्या एकाच उमेदवाराला दुसरी फेरी गाठता आली होती, ती ही. मग 2010 मध्ये सीमा नव्याने आखल्या गेल्या, पा-द-कालेच्या 14 जागांच्या 12 झाल्या, आणि तेरावा व चौदावा हे दोन्ही क्रमांक नकाशावरून गेले. एनँ-बोमोंचा परिसर अकराव्यात आला. म्हणून ‘अकराव्याचा निकाल’ म्हणून 2007 चा आकडा 2012 शेजारी ठेवणारी तक्ती पाहिली की आधी हद्द तपासावी. क्रमांक तोच असला तरी 2012 च्या आधी तो दुसऱ्याच भागाचा होता. मला विचाराल तर आकडे जोडायचेच असतील तर मतदारसंघाचे जोडू नयेत, गावांचे जोडावेत. गावाची हद्द सहसा हलत नाही. एनँ-बोमोंची मात्र एकदा हलली आहे: 1971 मध्ये एनँ-लिएतार आणि बोमों-आँ-आर्त्वा ही दोन गावं एक होऊन हे शहर झालं.

‘फेररचनेने ल पेन यांना जागा आयती मिळाली’ असंही वाचायला मिळतं. फ्रेंच नियम असा की एका जिल्ह्यातल्या कोणत्याही मतदारसंघाची लोकसंख्या तिथल्या सरासरीपेक्षा 20 टक्क्यांहून जास्त ढळू नये. देशाच्या तुलनेत लोकसंख्येत मागे पडलेल्या जिल्ह्याच्या जागा कमी होणं हेही ओघाने आलं. रेषा कुठून ओढायची यात राजकारण असतंच, पण इथे नव्या रेषांनंतरची पहिली निवडणूक समाजवाद्यांनी जिंकली हे विसरून चालत नाही.

त्याआधी 2009 येतं. एनँ-बोमोंची नगरपालिका कर्जात बुडालेली, समाजवादी महापौर गैरव्यवहाराच्या चौकशीत अटकेत, आणि सरकारने त्यांना पदावरून काढलेलं. जून-जुलैमधल्या पोटनिवडणुकीत पहिल्या फेरीत सर्वांत पुढे होती स्तीव ब्रिवा यांची उमेदवार-यादी, म्हणजे ल पेन यांच्या पक्षाची. ब्रिवा इथलेच, शाळकरी वयापासून पक्षात. दुसऱ्या फेरीत बाकी सगळे एकत्र आले आणि डाव्या विचारांच्या यादीने 52.38 टक्क्यांनी पालिका राखली. ब्रिवा यांना 47.62. बाहेरच्या पत्रकारांनी तेव्हा ‘धोका टळला’ असं लिहिलं. दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना 47.62 चा अर्थ त्याच रात्री कळला असणार. पॅरिसहून आलेल्या उमेदवाराला फ्रेंच लोक ‘पॅराशूटने उतरलेला’ म्हणतात, आणि मारिन ल पेन यांनाही तेच म्हटलं गेलं. पण त्या उतरल्या त्या जमिनीची नांगरट ब्रिवा यांनी वर्षानुवर्षं केलेली होती. हा फरक पुढच्या परिच्छेदात दिसतो.

2012 मध्ये तिथे दुसरं पॅराशूट उतरलं: राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ल पेन यांच्या खालोखाल चौथे आलेले डावे नेते जाँ-ल्युक मेलाँशों. देशभरचे कॅमेरे कोळसापट्ट्यात आले. पहिल्या फेरीत ल पेन 42.36, कारव्हँचे समाजवादी महापौर फिलिप केमेल 23.50, मेलाँशों 21.48. दोन टक्क्यांनी स्थानिक माणूस पुढे. मेलाँशों यांनी केमेल यांना मतं द्या असं सांगितलं. दोघांची बेरीज 44.98, आणि दुसऱ्या फेरीत केमेल यांना पडले 50.11. ल पेन 42.36 वरून 49.89 वर गेल्या. उरलेल्या उमेदवारांकडे जे 12.66 होते त्यांतला मोठा वाटा ल पेन यांच्याकडे गेला असं या वजाबाकीवरून वाटतं. वाटतं एवढंच म्हणतो, कारण दोन रविवारी तेच लोक आले असं नसतं. काही नवे येतात, काही घरी राहतात, काही जण कोरा कागद टाकतात. बेरजा जुळल्या म्हणून माणसं तिकडून इकडे गेली हे सिद्ध होत नाही. निवडणुकीच्या विश्लेषणात सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

साडेत्रेपन्न हजार वैध मतांत 118 चा फरक, म्हणजे दर हजारामागे जेमतेम दोन मतं. आपल्याकडे अशा वेळी पहिली मागणी फेरमोजणीची होते. फ्रान्समध्ये ते जमत नाही, आणि का जमत नाही हे मतदान केंद्रावरची रात्र पाहिली की कळतं.

केंद्रं शाळांत, पालिकेच्या सभागृहांत. मतदार टेबलावरून उमेदवारांच्या नावांचे छापील कागद उचलतो, एकाहून अधिक, म्हणजे मत कोणाला ते इतरांना कळू नये. पडद्याआड जाऊन एक कागद पाकिटात घालतो. ओळखपत्र दाखवतो, पाकीट पारदर्शक पेटीत टाकतो, अधिकारी मोठ्याने ‘आ व्होते’ म्हणतो, म्हणजे ‘मत दिलं’, आणि मग यादीत सही. पेटीला दोन वेगळ्या कुलपांची सोय असते: एक किल्ली केंद्राध्यक्षाकडे, दुसरी चिठ्ठी टाकून निवडलेल्या सहायकाकडे. वेळ संपली की आधी सह्या मोजतात, मग पेटी तिथेच उघडून पाकिटं. दोन आकडे जुळले नाहीत तर तशी नोंद कागदावर होते. पाकिटांचे शंभर-शंभरांचे गठ्ठे करून ते मोठ्या लिफाफ्यांत भरतात, आणि मग गावातलेच मतदार टेबलांवर बसतात, दर टेबलाला किमान चार. एक जण पाकीट उघडून कागद उलगडतो, दुसरा नाव मोठ्याने वाचतो, उरलेले दोघे आपापल्या तक्त्यावर रेघ मारतात. दोन्ही तक्ते जुळले पाहिजेत. पाकिटात एकाच नावाचे दोन कागद निघाले तर एक मत, वेगळ्या नावांचे निघाले तर बाद. कागदावर खूण केलेली, काही लिहिलेलं, तेही बाद. कोणीही नागरिक भोवती उभा राहून बघू शकतो.

आणि मोजणी संपली की कोरे, बाद आणि वादग्रस्त कागद अहवालाला जोडून ठेवतात. बाकीचे, म्हणजे सगळी वैध मतं, मतदारांच्या देखत नष्ट करतात. दुसऱ्या दिवशी मोजायला काही उरतच नाही. निकालाविरुद्ध संविधान परिषदेकडे जाता येतं, पण तिथे तपासले जातात अहवाल, सह्यांच्या याद्या, जोडलेले बाद कागद आणि प्रचारातले गैरप्रकार. वैध मतांची रास पुन्हा कोणाला दिसत नाही. 118 मतांचा निकाल उभा राहतो तो चार माणसांच्या टेबलावर आणि दोन तक्त्यांच्या जुळण्यावर. फेरमोजणीची सोय नसलेल्या पद्धतीवर मला पूर्वी भरवसा वाटत नसे. आता वाटतो, कारण तिथे पहिली मोजणीच सगळ्यांसमोर होते आणि ती करणारे शेजारीपाजारी असतात.

2012 चा निकाल पुढच्या काळाचा उंबरठा होता हे एनँ-बोमोंच्या शहरातल्या मतांवरून आधीच दिसत होतं. शहरात ल पेन पुढे होत्या, त्यांना अडवलं ते भोवतालच्या गावांनी. मार्च 2014 मध्ये ब्रिवा पहिल्याच फेरीत 50.26 टक्क्यांनी महापौर झाले. 2020 मध्ये त्यांच्या यादीला 74.21 टक्के पडले. या मधल्या सहा वर्षांत पालिकेने काय केलं यावर तिथले लोक आजही तावातावाने वाद घालतात. आकड्यांपुरतं सांगायचं तर पालिका हातात आल्यावर पक्षाला रोज माणसांसमोर राहण्याची जागा मिळाली, आणि समाजवाद्यांची तीच जागा गेली.

2017 चं लवकर सांगतो. केमेल पहिल्याच फेरीत बाहेर पडले. ल पेन 46.02, दुसऱ्या फेरीत राष्ट्राध्यक्ष माक्रों यांच्या पक्षाच्या आन रोके यांच्यासमोर 58.60. खाणकामगारांच्या या मतदारसंघात दुसऱ्या फेरीत डावा उमेदवारच नव्हता. त्या वर्षापासून खासदाराला महापौर राहता येत नाही असा नियमही लागू झाला, आणि ‘खासदार-महापौर’ ही इथली जुनी जोडी कायद्यानेच मोडली.

मग 2022, जिथून सुरुवात केली. पहिल्या फेरीत 53.96 टक्के. दोन अटींपैकी पहिली पुरी. दुसरीसाठी हिशेब असा: 53.96 टक्क्यांना यादीच्या 25 टक्क्यांपर्यंत पोचायचं तर यादीतल्या दर 100 मतदारांमागे किमान 46.3 वैध मतं पडायला हवीत. तेवढी पडली नाहीत. म्हणून 19 जूनला दुसरी फेरी झाली, समोर होत्या एनँ-बोमोंतच वाढलेल्या आणि 2014 पासून पालिकेत विरोधी बाकावर बसलेल्या पर्यावरणवादी मारिन तोंदलिए. ल पेन 61.03 टक्क्यांनी जिंकल्या. ‘कामगार डावीकडून टोकाच्या उजवीकडे गेले’ हे वाक्य या पट्ट्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. काही गेले, नक्कीच. पण 46.3 ची ती रेषा ज्यांच्या नसण्यामुळे गाठली गेली नाही, ते कुठेच गेले नाहीत, ते घरी राहिले. ज्यांच्या आजोबांनी 1941 चा संप केला, त्यांतले कितीतरी जण आता या रकान्यात आहेत, आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे मला फार थोडे भेटतात.

थोडं विषयांतर. फ्रान्सच्या बाहेर राहणाऱ्या फ्रेंच नागरिकांसाठी 2012 पासून 11 वेगळे मतदारसंघ आहेत, आणि भारत त्यातल्याही अकराव्यात येतो. रशिया, चीन, ऑस्ट्रेलिया यांच्यासोबत. मुंबईत, पुण्यात, गोव्यात राहणारा फ्रेंच मतदार आणि पुदुच्चेरीतली जुनी फ्रेंच नागरिकत्वाची कुटुंबं, सगळे एकाच जागेसाठी मत देतात. साडेबारा टक्के आणि एक चतुर्थांश हे दोन्ही नियम तिथेही तसेच. मतदार अर्ध्या जगभर विखुरलेले, मतदान अतिशय कमी, त्यामुळे पहिल्या फेरीत निकाल लागणं तिथे आणखीच दुर्मीळ.

2024 मध्ये पा-द-कालेच्या अकराव्यात छेद वाढला. नॅशनल असेंब्ली, म्हणजे फ्रान्सची लोकसभा, अचानक विसर्जित झाली, देशभर मतदान 2022 पेक्षा खूपच जास्त झालं. ल पेन यांना 58.04 टक्के पडले. या आकड्याला दर 100 मागे साधारण 43 वैध मतं पुरेशी होती, आणि लोक त्याहून कितीतरी जास्त आले होते. 30 जूनच्या रात्रीच त्या निवडून आल्या. पुढच्या रविवारी, 7 जुलैला, फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी पेट्या पुन्हा मांडल्या गेल्या. बारा वर्षांपूर्वी जिथे एकेका पाकिटासाठी माणसं टेबलांभोवती दाटीने उभी होती, त्या एनँ-बोमों, कारव्हँ आणि न्वायेल-गोदोच्या शाळांत त्या दिवशी मतदान नव्हतं.